मदतीची तारीख
जव्हार व मोखाडा भागातील अर्थसाहाय्य योजनांचे वाटप आणि त्यांवरील देखरेख

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस असलेले जव्हार व मोखाडा हे दोन तालुके डोंगराळ असून तेथील बहुसंख्य वस्ती वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींची आहे. पाऊस विपुल पडतो. परंतु तो चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. खाचरात भात, वरकस जमिनीवर नागली व वरई, आणि जमेल तेथे उडीद, तूर व खुरासणी अशी येथील शेती आहे. बहुतेक घरांना या एकाच हंगामाच्या पिकावर सारे वर्ष काढावे लागते. घरातील धान्य ज्येष्ठ सरता सरता संपते व नवे धान्य आश्विनात हाती येते. मधले आषाढ, श्रावण व भाद्रपद हे महिने शेतीच्या सर्वांत जड कष्टाचे होत. आणि नेमके तेच महिने रिकाम्या कणगीचे होत. शेवळी, लोत, रानातील कंद व ओढ्यातील खेकडे यांवर दिवस काढीत लावणी उरकावयाची, ही स्थिती या भागात काम करणाऱ्या ग्रामसेवकास, तलाठ्यास व कृषी सहायकास परिचित आहे. (या हुद्द्यांची सरकारी नावे अलीकडे बदलली आहेत; परंतु पाड्यावर अद्याप हीच नावे चालतात.)

या महिन्यांत पोटापाण्यासाठी जे धान्य वा पैसे उसने आणावे लागतात त्यास खावटी म्हणतात. पूर्वी खावटी सावकाराकडून येई व ती वाढीदिढीने फेडावी लागे. म्हणजे आषाढात चार मण धान्य नेले तर कापणीनंतर सहा मण मोजून द्यावे लागत. आज धान्याची ती रीत पुष्कळ मागे पडली आहे. तिच्या जागी वीटभट्टीची उचल आली आहे. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा भट्टीमालकाचा मुकादम पाड्यावर येऊन रक्कम देऊन जातो आणि त्या रकमेपोटी दिवाळीनंतर संपूर्ण कुटुंब भिवंडी, वसई वा कल्याणकडील भट्टीवर जाते. तेथे मजुरीचा हिशेब मालकाच्या वहीत राहतो. मुलांची शाळा सुटते, घरातील म्हाताऱ्यांकडे पाहण्यास कोणी उरत नाही आणि उन्हाळी बांधबंदिस्तीची कामे माणसांवाचून पडून राहतात. ज्येष्ठात परत येताना हाती काही शिल्लक राहीलच असे नाही. मग पुन्हा आषाढ येतो.

सरकारी अर्थसाहाय्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास पाहिजे. दोन हजार रुपये ही रक्कम शहरातील माणसास किरकोळ वाटेल. परंतु ती श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात हाती पडली तर मुकादमाकडून घ्यावयाची उचल टळते किंवा निम्म्यावर येते. तीच रक्कम भाद्रपदाच्या अखेरीस आली तर उचल घेऊन झालेली असते, आणि सरकारची रक्कम बाजारात खर्च होऊन जाते. दोन्ही प्रसंगी कागदावरील नोंद एकच : रक्कम रु. २,०००, वाटप पूर्ण. योजनेचा अहवाल रकमेचा हिशेब देतो. तारखेचा देत नाही. देखरेखीतील मोठी उणीव हीच आहे.

जुन्या खावटी योजनेचा धडा

हा प्रश्न शासनाच्या ध्यानात पूर्वीच आला होता. महाराष्ट्र आदिवासी आर्थिक स्थिती (सुधारणा) अधिनियम, १९७६ या कायद्याने आदिवासी भागात धान्य व वनोपज यांची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हे काम १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. पुढे १९७८ पासून याच महामंडळामार्फत खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. व्यापाऱ्याकडून माल सुटला तरी पावसाळ्यातील उधारीसाठी शेतकरी पुन्हा त्याच दारात जाणार असेल तर खरेदीचा कायदा लंगडाच राहतो, हा त्यामागील विचार अगदी बरोबर होता. ही योजना २०१३ पर्यंत चालली. नंतर ती बंद पडली.

कोरोनाच्या साथीत रोजगार बुडाल्यामुळे २०२०-२१ या एका वर्षासाठी ती खावटी अनुदान या नावाने पुन्हा आणण्यात आली. या वेळी परतफेड नव्हती. प्रत्येक पात्र कुटुंबास रु. ४,००० द्यावयाचे ठरले. त्यांपैकी निम्मी रक्कम बँक खात्यात व निम्म्या किमतीच्या वस्तू, म्हणजे कडधान्ये, डाळी, तेल, साखर, मीठ, मिरची, चहा इत्यादी. रोजगार हमीच्या कामावर गेलेले मजूर, कातकरी यांसारख्या आदिम जमातींची कुटुंबे, वनहक्काचे पट्टे मिळालेले शेतकरी, विधवा व परित्यक्ता स्त्रिया यांचा त्यात समावेश होता. पात्रता ठरविण्यात कसूर नव्हती असे म्हणता येईल. परंतु शासन निर्णय निघाला सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे ज्या पावसाळ्यासाठी खावटी हवी तो सरत असताना. आणि वाटपाचा मोठा भाग २०२१ साली झाला. याद्या करणे, खाती तपासणे, वस्तूंची खरेदी व वाहतूक या प्रत्येक पायरीस काही आठवडे लागतात हे कोणत्याही कार्यालयास माहीत असते. त्या आठवड्यांची मोजदाद पेरणीच्या दिवसापासून उलट करीत यावयास हवी होती. कृषी खात्यातील कर्मचाऱ्यास ही रीत नवी नाही. मृगापूर्वी बियाणे गावात हवे असेल तर मागणीपत्रक फाल्गुनात जाते, हे तो दरवर्षी करतो.

खताच्या बाबतीत कोणीही असे म्हणणार नाही की, "खत पिकाला दिले म्हणजे झाले, मग ते फुटव्याच्या वेळी दिले काय आणि कापणीच्या वेळी दिले काय!" पैशाच्या बाबतीत मात्र हा हिशेब सर्रास चालतो.

सन्मान निधीचा हप्ता आणि नागलीचे रोप

दुसरे उदाहरण प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे घेऊ. फेब्रुवारी २०१९ मध्ये आरंभ झालेल्या या योजनेत जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाला रु. ६,००० तीन हप्त्यांत मिळतात. राज्य शासनाने २०२३ साली नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून तेवढ्याच रकमेची भर घातली. केंद्राच्या योजनेतील वर्षाचा पहिला हप्ता एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठी असतो. तो प्रत्यक्षात कोणत्या दिवशी सुटला हे पाहू. २०२२ साली ३१ मे रोजी, २०२३ साली २७ जुलै रोजी, २०२४ साली १८ जून रोजी आणि २०२५ साली २ ऑगस्ट रोजी.

आता या तारखा जव्हारच्या उतारावर लावून पहाव्या. ३१ मे रोजी सुटलेल्या पैशातून बियाणे व खत घेता येते, तुटलेल्या अवजाराला लोहाराकडे फाळ लावून घेता येतो. १८ जूनला रोपवाटिका टाकून झालेली असते; तरी लावणीच्या मजुरीस ती रक्कम उपयोगी पडते. २७ जुलैला लावणी बहुतेक उरकलेली असते. २ ऑगस्टला आलेला हप्ता शेतीच्या भांडवलाचा राहत नाही, तो खावटीचा होतो. खावटीचीही गरज आहेच. परंतु मग शेतकऱ्याने बियाणे व खत उधारीवर आणलेले असते आणि आलेल्या हप्त्यातून प्रथम दुकानदाराची उधारी फिटते.

देशभराच्या हप्त्याचा दिवस बदलणे ग्रामसेवकाच्या हाती नाही. परंतु हप्ता सुटल्या दिवशी आपल्या गावातील प्रत्येक पात्र खात्यात तो पडावा, एकही खाते अडू नये, हे पुष्कळ अंशी गावपातळीवर ठरते. हप्ता अडण्याची कारणे मोजकी व ठराविक आहेत. ई-केवायसी झालेली नसणे, जमिनीच्या नोंदीशी नाव जुळलेले नसणे आणि बँक खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नसणे, ही त्यांतील मुख्य होत. यांपैकी जमिनीचा दोष या भागात सर्वांत चिवट आहे. आजोबा वारले, वडीलही वारले, चार भाऊ चार तुकडे कसतात आणि सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव, हे चित्र पाड्यापाड्यावर दिसते. २०२५ साली महसूल विभागाने जिवंत सातबारा मोहीम हाती घेऊन मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यास आरंभ केला. ज्या घराची वारसनोंद अद्याप राहिली असेल त्याने मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती घेऊन तलाठी कार्यालयात जावे व अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगून परत येऊ नये.

मजुरीचा प्रवास

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशास दिली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली आणि १९७७ च्या कायद्याने काम मागणे हा हक्क झाला. केंद्राचा कायदा २००५ साली आला. त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केला असून त्यात वर्षाकाठी १०० ऐवजी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी आहे. पेरणी व कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही त्यात आहे. शेतीस मजूर मिळावेत हा तिचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु जव्हार-मोखाड्यातील लहान शेतकरी हा स्वतःच मजूर असतो. लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावर पुरेशी मजुरी मिळेल इतकी मोठी शेती येथे फारशी नाही. म्हणून पाऊस लागण्यापूर्वी झालेल्या कामाची मजुरी आषाढाच्या आत हातात पडणे यापुढे अधिकच अगत्याचे होणार आहे.

ही मजुरी मजुराच्या हाती येईपर्यंत तिला बरीच ठाणी ओलांडावी लागतात. ग्रामरोजगार सेवक हजेरीपत्रक भरतो. जानेवारी २०२३ पासून ही हजेरी दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह भ्रमणध्वनीवर नोंदविण्याचे बंधन आले. जेथे दरीत संपर्क मिळत नाही तेथे ही नोंद राहून जाण्याचा संभव असतो. आठवडा संपला की हजेरीपत्रक बंद होते. तांत्रिक सहायक कामाचे मोजमाप घेऊन ते पुस्तकात लिहितो. त्यावरून मजुरीची यादी तयार होते. मग निधी हस्तांतरणाचा आदेश निघतो व त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या होतात. तेथून पुढे रक्कम केंद्राच्या यंत्रणेतून मजुराच्या आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते.

२००५ च्या कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत मिळालीच पाहिजे व न मिळाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ०.०५ टक्के भरपाई द्यावी असे ठरले. या भरपाईचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रातील मजुरीचा दर दिवसाला रु. ३१२ होता. बारा दिवसांची मजुरी रु. ३,७४४ झाली. ती मुदतीनंतर वीस दिवस रखडली तर भरपाई एक टक्का, म्हणजे साडेसदतीस रुपयांच्या आत. त्याच वीस दिवसांत मुकादमाकडून उचल घेतली गेली तर तिची किंमत सहा महिन्यांचे स्थलांतर ही असते. भरपाई मागावीच, तो हक्क आहे. पण विलंब झाल्यावर मिळणाऱ्या भरपाईपेक्षा विलंब कोठे होतो ते शोधणे अधिक लाभाचे. पूर्वी आदेशावर दुसरी सही झाली की विलंबाची मोजणी थांबे. १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियान प्रकरणी निर्णय देताना मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचा सर्व विलंब धरावा लागेल असे स्पष्ट केले.

शेवटचा कोस

खात्यात पैसे पडले येथे सरकारचा हिशेब संपतो. पाड्यावरील कुटुंबाचा हिशेब मात्र तेथून सुरू होतो.

पहिली अडचण, पैसे कोणत्या खात्यात पडले हीच. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतात. एक जनधनचे, एक जुन्या कर्जाच्या वेळचे, एक कोण्या शिबिरात भ्रमणध्वनीवर उघडलेले. आधार क्रमांकावर पाठविलेली रक्कम जे खाते शेवटी जोडले गेले असेल त्यात जाते. लाभार्थी जुने पासबुक घेऊन शाखेत जातो, नोंद दिसत नाही म्हणून परततो आणि "पैसे आलेच नाहीत" असे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते आणि कार्यालयाचेही खोटे नसते. आधार क्रमांकाशी सध्या कोणत्या बँकेचे खाते जोडलेले आहे हे शाखेत किंवा सेवा केंद्रात पाहता येते. प्रत्येक घराचे हे एकदा पाहून, त्या पासबुकाच्या पुठ्ठ्यावर ठळक खूण करून ठेवावी. काम अर्ध्या तासाचे आहे. त्याने वर्षभराच्या खेपा वाचतात.

दुसरी अडचण अंतराची. बँकेची शाखा जव्हार, मोखाडा किंवा खोडाळ्यास. पाडा डोंगराच्या कुशीत. एका खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते व गाडीभाडे पडते. शाखेत गर्दी असेल अथवा यंत्रणा बंद असेल तर दुसरी खेप. म्हणून बँक मित्रांची सोय झाली आहे. हे लोक अंगठ्याचा ठसा घेऊन लहान यंत्रावर गावातच पैसे देतात. सोय उत्तम आहे; परंतु येथेच सावधगिरीही अधिक हवी. चिखलात, दगडात व विळ्याकोयत्यावर काम करून बोटांवरील रेषा झिजतात व यंत्र ठसा ओळखत नाही. ठसा दोन-तीन वेळा घेतला जातो, आणि त्यांपैकी एखादा लागून रक्कम खात्यातून वजा झाली तरी माणसास "झाले नाही" असे सांगितले जाण्याचा संभव राहतो. प्रत्येक ठशानंतर, व्यवहार झाला असो वा नसो, यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी. बँक मित्रास त्याचे वेतन वा दलाली बँकेकडून मिळते. लाभार्थ्याच्या रकमेतून शेकडा अमुक कापून घेण्याची रीत कोठे पडली असेल तर ती बेकायदा समजावी व शाखाधिकाऱ्याकडे लेखी कळवावी. ज्यांचा ठसा कधीच लागत नाही अशा वृद्धांना शाखेत जाऊन नेहमीच्या पद्धतीने पैसे काढता येतात. अशांसाठी महिन्यातून एक दिवस ठरवून कोणा जाणत्यासोबत त्यांना एकत्र नेण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीस सहज करता येईल.

तिसरी अडचण ओळखीची. एकाच स्त्रीच्या खात्यात मजुरी येते, २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे रु. १,५०० येतात, घरातील विधवा सासूच्या स्वतंत्र खात्यात संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान येते. पासबुकावरील नोंदी इंग्रजी आद्याक्षरांत असतात. कोणती रक्कम कशाची हे न कळल्यामुळे कोणती रक्कम आली नाही हेही कळत नाही. स्वयंसाहाय्य गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा पासबुके उघडून प्रत्येक नोंदीपुढे शिसपेन्सिलीने योजनेचे नाव लिहिण्याची सवय लावावी. बचतगटातील लिहित्या-वाचत्या मुलींना हे काम चांगले जमते. सरकारी तपासणी अधिकाऱ्यापेक्षा त्या अधिक चोख तपासणी करतील, कारण पैसा त्यांच्या घरचा असतो.

तारखांची वही

वर सांगितलेल्या सर्व ठाण्यांच्या तारखा सरकारी संगणकात असतात. शेवटची एक तारीख मात्र कोठेच नसते : रोख रक्कम प्रत्यक्ष हाती पडली तो दिवस. ती तारीख केवळ पाड्यावर माहीत असते. म्हणून प्रत्येक पाड्यासाठी एक साधी वही ठेवावी. आडव्या ओळीत कुटुंबाचे नाव व योजना. पुढे काम अथवा साहाय्य मागितल्याची तारीख, पोच मिळाल्याची तारीख, काम वा अर्ज पुरा झाल्याची तारीख, खात्यात रक्कम पडल्याची तारीख आणि शेवटी हाती आल्याची तारीख. शेरा लिहावयाचा तर एका शब्दात : ठसा, खाते, वारसनोंद, हजेरी, मोजमाप. आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक या वहीत लिहू नयेत. त्यांची तेथे गरज नाही आणि वही दहा हातांतून फिरणार असते.

अशा वहीचा उपयोग दोन महिन्यांत दिसू लागतो. एका पाड्यावरील विलंब मोजमापाच्या रकान्यात साचलेला दिसला तर तांत्रिक सहायकाकडे फार कामे आहेत हे उघड होते व गटविकास अधिकाऱ्याकडे त्याचीच मागणी करता येते. दुसऱ्या पाड्यावर खात्यात पैसे वेळेवर पडतात, परंतु हाती येण्यास तीन आठवडे लागतात असे दिसले, तर दोष बँक मित्राच्या फेरीत आहे. दोन्ही पाड्यांची तक्रार आज एकाच वाक्यात येते की, पैसे मिळत नाहीत. आणि उत्तरही एकच मिळते की, पैसे पाठविले आहेत. या दोन वाक्यांमधून कोणताही अधिकारी दुरुस्ती करू शकत नाही.

वहीची जबाबदारी एकट्या ग्रामसेवकावर टाकणे योग्य होणार नाही. त्याच्याकडे आधीच नोंदवह्यांचा भार पुष्कळ आहे, आणि ज्याच्या कामाची तपासणी व्हावयाची त्यानेच तपासणीची वही लिहिणे बरे दिसत नाही. गटाची सचिव, माध्यमिक शाळेतील विद्यार्थी किंवा गावातील शिकलेला तरुण यांनी ती लिहावी व ग्रामसेवकाने महिन्यातून एकदा आपल्या नोंदीशी ताडून पहावी.

ग्रामसभेतील वाचन

जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस दोन विशेष अधिकार दिले आहेत. दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निश्चित करावयाचे. आणि पंचायतीने खर्च केलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावयाचे. राज्याच्या २०१४ च्या नियमांमुळे स्वतंत्र पाड्यासही आपली ग्रामसभा स्थापन करून घेण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. दुसरा अधिकार सहसा सहीपुरता उरतो. मोठ्या रकमांचे आकडे एका दमात वाचले जातात, कोणास काही कळत नाही आणि ठराव संमत होतो.

याहून निराळी रीत देशात अन्यत्र रूढ झालेली आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. त्यांत हजेरीपत्रकावरील एकेक नाव मोठ्याने वाचून त्या माणसास "तू या कामावर होतास काय?" असे सर्वांसमक्ष विचारले जाई. आंध्र प्रदेशाने पुढे हीच पद्धत सरकारी यंत्रणेत आणली. गावातील तरुणांना शिकवून त्यांच्याकडून घरोघर पडताळणी केली व निष्कर्ष उघड्या सभेत मांडले. २००५ च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण आले त्यामागे हा अनुभव होता. जव्हार-मोखाड्यात अशा वाचनास तारखांची वही जोडली तर ग्रामसभा केवळ "पैसे कोणास मिळाले" एवढेच विचारून थांबणार नाही, "कधी मिळाले" हेही विचारील.

वाचन करताना एक पथ्य पाळावयास हवे. देखरेख म्हणजे नावे वगळणे असा समज काही ठिकाणी दृढ झाला आहे. बनावट नाव निघाले तर ते काढलेच पाहिजे. परंतु हयातीचा दाखला वेळेवर न आलेली वृद्धा, ठसा न लागलेला मजूर आणि भट्टीवर गेल्यामुळे पडताळणीस घरी न सापडलेले कुटुंब ही बनावट नावे नव्हेत. तीच सर्वांत गरजू असण्याचा संभव अधिक. कोणतेही नाव यादीतून कमी करण्यापूर्वी ते सभेत वाचावे व त्या घराकडे एकदा माणूस पाठवावा. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली तेव्हा या भागाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर येथे योजना पुष्कळ आल्या. ज्या घराचे नाव कोणत्या ना कोणत्या यादीतून निसटले आहे ते घर शोधण्याचे काम मात्र दरवर्षी नव्याने करावे लागते.

वाचनाच्या सभा वर्षातून दोन वेळा घेणे इष्ट. पहिली वैशाखात, भट्टीवरील कुटुंबे परतू लागली की घ्यावी. त्या वेळी ई-केवायसी, वारसनोंद व खाती यांतील अडथळे कळले तर पाऊस लागण्यापूर्वी ते दूर करण्यास चार-सहा आठवडे मिळतात. पूर्वीच्या कामाची मजुरी राहिली असेल तर तीही याच सभेत वाचावी. दुसरी सभा नवरात्राच्या सुमारास, नागली-वरईची कापणी चालू असताना घ्यावी व तीत पावसाळ्यातील सर्व तारखा वाचाव्यात. गावात थांबून काम करू इच्छिणाऱ्या कुटुंबांची कामाची लेखी मागणी त्याच बैठकीत घेऊन तारखेसह पोच तेथेच द्यावी, म्हणजे दिवाळीपूर्वी कामे सुरू करण्याची तजवीज करता येईल. ही सभा दिवाळीनंतर ठेवल्यास ज्या घरांची नावे वाचावयाची त्यांपैकी पुष्कळ घरांना तोवर कुलूप लागलेले असते.